झोळीचं गणित

आई, गुरुवारी दुपारी वाडीवरच्या मामांचा फोन आला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. ऑफिसात दोनदा चहा घेतला आणि प्यायचा राहिला, काल भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि घरातले दोघं, नवरा आणि लेक, आता माझ्याकडे बघून हसायला लागलेत, कारण जो भेटेल त्याला मी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगते आहे. सगळ्यांना सांगून झाली. जिला सांगायची होती तीच राहिली. म्हणून आज रविवारी, भूगावच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, समोरच्या नव्या इमारतीचा स्लॅब टाकताहेत त्या आवाजात तुला लिहायला बसले. पेशंट घाईघाईने मधूनच सुरुवात करायचा, तेव्हा तू त्याला थांबवून "आधी कुठं, मग कधीपासून, मग काय" असं विचारायचीस. मीही त्याच क्रमाने सांगते.

कुठं, ते तुला माहीत आहे. धरणाच्या पाण्यामागचा तो डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचा धनगरवाडा, जिथे तू महिन्यातून एकदा लशींचा डबा खांद्याला अडकवून चढायचीस. गाडीरस्ता तेव्हाही पायथ्याशी संपायचा, आजही तिथेच संपतो. कधीपासून, तर माझ्या सहावीच्या दिवाळीच्या सुट्टीपासून. बाबा साताऱ्याला नोकरीला, आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये मला एकटीला ठेवायचं नाही म्हणून तू बरोबर घेतलंस. आपण अर्ध्या वाटेवर पोहोचतो तोच वरून माणसं उतरताना दिसतात. दोघांच्या खांद्यावर ऐनाच्या लाकडाचा जाड दांडा, दांड्याला घोंगडी बांधलेली, आणि घोंगडीत एक अडलेली बाई. गुडघे हनुवटीला लागतील अशी ती दुमडलेली आहे. तू डबा माझ्याकडे देतेस, तिचा हात धरतेस आणि आपण माघारी वळतो. वाट एका माणसाची. दर वळणावर झोळी दगडावर टेकवायची, खांदे बदलायचे, पुन्हा उचलायचं. मी मागून त्या माणसांच्या ताठलेल्या माना बघत चालते, आणि मोठ्याने बोलून जाते की ही बाई केवढी जड आहे.

घोंगडीतल्या बाईने तोंडावर पदर ओढला. तू थांबलीस आणि मागे वळलीस. तुझा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी घाबरले.

"माणूस जड नसतो," तू म्हणालीस. "त्याचं असतं तेवढं वजन असतं. जड असतो तो दांडा. असं पुन्हा कुणाच्या तोंडावर बोलायचं नाही."

खाली पोहोचेपर्यंत मी लशींचा डबा पोटाशी धरून चालले. मला रडू येत होतं आणि रागही आला होता, कारण माझ्या मते मी खरं तेच बोलले होते. पायथ्याशी जीप होती. बाईला आत निजवलं, तू चढलीस, आणि दांडा रस्त्याच्या कडेला नुसता पडून राहिला. कुणी बघत नाही असं पाहून मी त्याचं एक टोक उचलायला गेले. गुडघ्यापर्यंतही आलं नाही.

ती बाई वाचली. मूल वाचलं नाही. हे तू मला दोन दिवसांनी, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सांगितलंस. तासभर आधी पोहोचायला हवं होतं, एवढंच म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी तेव्हा झोळीवाल्यांपैकी सगळ्यात लहान होता तो बसला होता, विशीतला, मी ज्यांना पुढे मामा म्हणायला लागले ते. त्यांच्या खांद्याची साल निघाली होती. तू मलम लावलंस, जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिलीस, आणि पुढच्या वेळी ती दांड्याखाली ठेवायची असं बजावलंस. मामांना त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. हे त्यांच्या बापानेही केलं होतं आणि आज्यानेही. पुढच्या वर्षी तुझ्या अर्जामुळे तालुक्याहून लोखंडी पाइपांचं स्ट्रेचर आलं. एकदाच वर गेलं. ते रिकामंच न्यायला चार माणसं लागली आणि वाटेवर चार माणसांना जागा नव्हती. मग ते आपल्या ओसरीत आलं आणि दोन उन्हाळे तू त्यावर कुरडया वाळवल्यास. पाहुण्यांना देताना "सरकारी कुरडई आहे" म्हणायचीस. हसायचीस, पण अर्ज करणं थांबवलं नव्हतंस.

तू गेलीस तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. तो दिवस मला फारसा आठवत नाही, पण एक गोष्ट आठवते आणि ती आठवली की हसूच येतं. दवाखान्याची लिफ्ट बंद होती आणि तुला तपासणीसाठी खालच्या मजल्यावर न्यायचं होतं. दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर उचलतात, आणि तू पडल्यापडल्या त्यांना सांगतेस, पाय पुढे, डोकं वर, आतल्या बाजूने चला, वळणावर मागच्याने थांबायचं. दोघं मुकाट्याने ऐकतात. तीच तुझी शेवटची ड्यूटी, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आले.

आता काय ते. मी हिंजवडीला नोकरी करते, तीही वजन कमी करायची. गाड्यांचे दरवाजे, आसनांचे सांगाडे, बॅटरीची पेटी, असं काहीही आमच्याकडे येतं आणि आम्ही ते हलकं करून देतो, पण मजबुती तेवढीच ठेवून. नुसती जाडी कमी करून भागत नाही, ते कुणीही करेल. आम्ही संगणकाला एक भरीव ठोकळा देतो. त्याचे लाखो बारीक तुकडे करतो, तांदळाच्या कणीएवढे. कुठे धरलंय आणि कुठे भार येतो ते सांगतो. मग प्रत्येक कणीला एकच प्रश्न असतो: तू काय होणार? पोलाद, ॲल्युमिनियम, कार्बन फायबर की काहीच नाही? संगणक सगळ्या कण्यांवरचा ताण मोजतो, ज्या रिकामटेकड्या आहेत त्या थोड्या कमी करतो, राबणाऱ्यांना बळ देतो, पुन्हा मोजतो. असं शेकडो वेळा. सुरुवातीला पडद्यावर नुसतं धुकं दिसतं. कण्या लबाड असतात, आई, ग्रामसभेत काही जण असतात तशा. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. अर्धी कार्बन, अर्धी ॲल्युमिनियम अशी होऊन बसते, आणि असा माल जगात कुठे मिळत नाही. म्हणून गणितात अशा अधल्यामधल्या कण्यांना दंड लावायचा, आणि तो हळूहळू वाढवत न्यायचा. मग एका क्षणी धुकं फाटतं. इथे फांदी, तिथे पोकळी, इकडे एक माल, तिकडे दुसरा. कुणीही हाताने काढलं नसतं असं काहीतरी समोर उभं राहतं. वीस वर्षं मी हे बघते आहे आणि अजूनही त्या क्षणी खुर्चीतून उठते.

आणि ही वीस वर्षं, मी त्या डोंगरापासून तासाभराच्या अंतरावर बसून श्रीमंतांच्या गाड्यांचे दरवाजे पाव किलोने हलके करत होते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. अरुंद वाट, दोन माणसं, दांडा, घोंगडी. मी वाट ओळखली. मग पुढचा माणूसही ओळखला. केस पांढरे झालेले, पण मान तशीच ताठ. त्याच आठवड्यात मी वर गेले. मामांनी मला ओळखलं नाही. नर्सबाईंची पोर म्हटल्यावर घोंगडी अंथरली, दूध तापवलं, आणि तू कशी चालायचीस हे सुनांना चालून दाखवलं. मी त्यांना सांगून आले की मी हलकी झोळी करते. त्यांनी मान हलवली, जशी पाहुण्यांपुढे हलवतात.

लवळ्याच्या एका कॉलेजात माझी जुनी सहकारी शिकवते. परभणीची आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि गणितात माझ्याहून पुढे. तिला विचारलं तेव्हा ती दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागली. दर शनिवारी मी तिच्या प्रयोगशाळेत. रुग्णाचं वजन काय धरायचं हे ठरवताना तिने विचारलं की हा आकडा थोडा कमी-जास्त करून बघायचा का. मी नाही म्हटलं. माणसाचं असतं तेवढं असतं, कमी करायचं ते बाकीचं. ती म्हणाली, वाक्य चांगलं आहे मॅडम, कुणाचं? मी सांगितलं.

पहिलं स्ट्रेचर सात महिन्यांत झालं आणि ते सुंदर होतं. कार्बनच्या नळ्या, सांध्याला ॲल्युमिनियम, चार बाजूंना चार मुठी. एका हातात उचलून मी जिना चढले होते. आम्ही ते वर नेलं, तांदळाचं पोतं आणि वर वाळूची पिशवी बांधली आणि उतरायला लागलो. पहिल्याच अरुंद जागी चौघांपैकी दोघांना सोडावं लागलं. तिसऱ्या वळणावर खांदे बदलायला म्हणून मामांनी एक कोपरा दगडावर टेकवला. उरलेले तीन हवेत. कट् असा आवाज आला. कार्बनची नळी ॲल्युमिनियमच्या सांध्यातून सुटली आणि पोतं दरीच्या बाजूला कललं. मामांनी ते पायाने अडवलं. मी तो सांधा हातात घेऊन उभी होते आणि पोत्याच्या जागी माणूस असता, याच्या पुढे मला काही सुचत नव्हतं.

मामा शेजारी येऊन बसले. तंबाखू मळली.

"ताई, लई ग्वाड वस्तू केली तुमी," ते म्हणाले. "पर ही कुटं सपाटीवर चालायची हाय. ह्या डोंगराला इचारलंच न्हाई तुमी."

ते खरं होतं. संगणक दिलेल्या भाराचाच विचार करतो. आम्ही त्याला चार माणसं, चार समान हात आणि सरळ चाल एवढंच सांगितलं होतं, म्हणून एक कोपरा टेकला की बसणाऱ्या पिळाविरुद्ध लागणारी प्रत्येक कणी त्याने रिकामटेकडी समजून काढून टाकली होती. चूक त्याची नव्हती. शंभरएक वेळा त्या वाटेने चाललेल्या बाईची मुलगी मी, आणि मी सपाट जमीन धरली होती. तुझा तो न चढणारा आवाज मला त्या वळणावर चांगला ऐकू आला.

मग आम्ही खरं काम केलं. दोन दिवस वाडीवर राहिलो. मामा, त्यांचे भाऊ, पुतणे यांना एकेक प्रसंग करून दाखवायला लावला. उतारावर पुढचा कसा वाकतो, एकाचा पाय घसरला तर दुसऱ्यावर किती येतं, दगडावर कुठलं टोक टेकतं, ओढ्यात झोळी डोक्याइतकी वर कशी धरतात, कडेच्या कातळाला काय घासतं. आत पडलेली बाई कळ आली की कशी ताठ होते, तेसुद्धा. ते मामींनी सांगितलं, पुरुषांना बाहेर घालवून. ती यादी झाली तेवीस भारांची. शेवटी मामांनी एक अट घातली. मोडलं तर हितं दुरुस्त झालं पाहिजे, न्हाईतर पुन्हा घोंगडीच. म्हणून दांड्याचा माल आम्ही संगणकावर सोडला नाही. दांडा वाडीच्या बेटातल्या बांबूचा, मोडला की दुसरा तोडायचा. बाकी सगळं त्याने ठरवायचं, आणि या वेळी माणूस दांड्याच्या वर ठेवायचा की खाली, हेसुद्धा.

आई, त्या शनिवारची सकाळ तुला दाखवता आली असती तर! गणित आदल्या दिवसापासून चालू होतं. आम्ही कॅन्टीनमधून पोहे आणले होते, पडद्यावर धुकं होतं, आणि ते फाटायला लागलं. पडद्यावरचा माणूस खाली सरकला. दर फेरीला थोडा थोडा, दांड्याच्या खाली, झोळीसारखा. सहकारी म्हणाली, काहीतरी चुकलंय, आणि प्लेट ठेवून शोधायला लागली. मी कागद घेतला. चुकलं नव्हतं. माणूस दांड्याच्या वर ठेवला तर उतारावर भार पुढच्या माणसाकडे झुकतो, त्याच्या गुडघ्यांवर. खाली टांगला की तोच भार मागच्याकडे सरकतो, आणि पुढच्याला पाय टाकायला उसंत मिळते. मामांच्या आज्याला हे ठाऊक होतं. पण आज्याला जे जमलं नव्हतं तेही पडद्यावर होतं. दुमडणारी घोंगडी गेली होती आणि तिच्या जागी एक पाळणा आला होता, पाठ सरळ ठेवणारा. खाली कार्बनच्या बरगड्या, डोक्याकडे दाट, पायाकडे विरळ, कारण उतरताना डोकं मागे आणि वर. टांगायच्या जागी ॲल्युमिनियम, पिळाला पुरून उरेल असं. आणि दोन्ही कडांना बांबूच्या पट्ट्या. बांबू आता मालांच्या यादीत होता, पण तिथे तो आम्ही मागितलाच नव्हता. कार्बन भार झेलतो पण दगडाचा फटका त्याला सोसत नाही, बांबू दोन्ही थोडंथोडं सोसतो. म्हणून जिथे कातळ घासणार तिथे संगणकाने बांबू निवडला होता. तीन माल, प्रत्येक आपापल्या जागी. सहकारी पुन्हा पुन्हा तेच चित्र फिरवून बघत होती. आमचे पोहे तसेच राहिले.

ते घडवायला वर्ष गेलं. आधी प्रयोगशाळेत यंत्रावर पिळलं, आपटलं, दगडावर टेकवून वर दीड माणसाचं वजन ठेवलं. मग पोतं घालून वाटेवर, दहा वेळा. अकराव्या वेळी माणूस घालायचा होता. सहकारी तयार होती. मी तिला बाजूला केलं, कारण मोडलं तर माझ्याच अंगावर मोडायला हवं होतं. मामांचे दोन पुतणे दांड्याखाली गेले, मामा पुढे वाट दाखवायला. मी आडवी पडून खाली आले, पूर्ण डोंगर, आणि मला काहीही झालं नाही. पुतण्यांनी तीनदा खांदे बदलले, घोंगडीला पंधरा वेळा बदलायचे. त्या दिवशी आम्ही ते वाडीवर ठेवून आलो. मामींनी हळदकुंकू लावलं.

आणि मग गुरुवार. मी हिंजवडीत मीटिंगमध्ये होते, कुठल्याशा बॅटरीच्या पेटीवरून वाद चालला होता. फोन थरथरला, मामांचं नाव दिसलं, मी बाहेर पळाले. मामा फोनवर ओरडूनच बोलतात.

"बाई उतरली. धाकटी सून. जित्ती हाय, पोर बी हाय. डाक्टर म्हनला, येळेत आनली."

त्यांनीच बाकीचं सांगितलं. सकाळी कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं. पाळणा टांगला, दोघं निघाले, आणि पायथ्याशी आले तेव्हा ॲम्ब्युलन्स यायची होती. हे त्यांनी तीनदा सांगितलं. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झोळीने गाडीची वाट बघितली होती. मुलगी झाली आहे. मग त्यांनी तक्रार केली, की पुढच्या बाजूचा आकडा पोटरीला लागतो, पुतण्याची पोटरी सोलली, ते जरा बघा. मी जिन्यात बसून ती तक्रार हातावर लिहून घेतली, चोविसावा भार म्हणून. काल सहकारीने बदल सुरूही केला. पलीकडच्या दोन वाड्यांनी निरोप पाठवलाय, त्यांचे डोंगर वेगळे, वाटा वेगळ्या, तिथेही आधी जाऊन राहावं लागेल. मला कधी एकदा शनिवार येतो असं झालंय.

हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं. लिहून झालं की कपाटात तुझ्या सर्व्हिस बुकात घडी करून ठेवीन. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, सहकारीलाही नाही. त्या अकराव्या वेळी, मी आडवी पडून येताना, वर फांद्यांमधून आभाळ सरकत होतं, पाळणा जरासा झुलत होता, आणि दोन माणसं मला जपून नेत होती. माझं वय त्रेचाळीस. पायथ्याशी त्यांनी मला खाली ठेवलं आणि मामा म्हणाले, "उठा ताई, आलं." मी म्हटलं, थांबा, छातीवरचा पट्टा अडकलाय. ते तिघं वाकून तो सोडवायला लागले. आई, पट्टा अडकला नव्हता.